वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं: ठाण्याहून जाताना कधी, कसं आणि कोणत्या क्रमाने

दर हिवाळ्यात आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतून कुणी ना कुणी वज्रेश्वरीला जातं, आणि परत आल्यावर जिन्यात तेच ऐकू येतं. पाणी फारच कढत होतं, काकांना चक्कर आली, बायकांना कपडे बदलायला जागाच नव्हती, गर्दीमुळे कुंडात उतरलोच नाही. ठिकाणाचा यात दोष नाही. चुकतो तो क्रम. नऊ वाजता निघायचं, वाटेत मिसळ-वडापाव, आधी देवीच्या रांगेत दीड तास, मग भर दुपारी भरल्या पोटी कढत पाण्यात उडी. यातली प्रत्येक गोष्ट उलटी करायला हवी. जुन्या लोकांचा 'आधी स्नान, मग दर्शन' हा क्रम शरीरालाही तोच मानवतो. आपण एकदिवसीय सहलीच्या नादात तो सोडून दिला.

मी गेली काही वर्षं घरच्या आणि शेजारच्या ज्येष्ठांना घेऊन जाते. पुढे लिहिलंय ते त्या फेऱ्यांमधून जमलेलं.

टप्पा १: नक्की कुठे जायचंय ते ठरवा

'वज्रेश्वरी' म्हणताना आपण तीन वेगळी ठिकाणं एकत्र करतो. तिन्ही भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या परिसरात, एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत.

वज्रेश्वरीला देवीचं मंदिर आहे. उंच जोत्यावर, किल्ल्यासारख्या दगडी बांधणीचं, पुढे नगारखाना आणि वर जायला दगडी पायऱ्या. अंघोळीची कुंडं मंदिराच्या आवारात नाहीत. मंदिरापाशी गाडी लावून 'कुंड कुठंय?' असं विचारत फिरणारी कुटुंबं मी दर वेळी पाहते.

अकलोलीला रामेश्वर महादेवाच्या मंदिराजवळ कुंडं आहेत. जागा जास्त उघडी, सहलीला आलेल्यांची गर्दीही इथेच जास्त.

गणेशपुरीला भीमेश्वर महादेवाच्या मंदिराला लागून कुंडं आहेत, जवळच नित्यानंद महाराजांचं समाधी मंदिर. इथे लोक देवाचं स्नान म्हणून येतात, त्यामुळे आरडाओरडा कमी आणि शिस्त जास्त.

बरोबर साठीच्या पुढची माणसं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: स्नान गणेशपुरीत, तेही पहाटे. कॉलेजातली मुलं असतील तर अकलोली चालेल. दोन्हीकडे अंघोळ करायचा हट्ट धरू नका. एका दिवसात एकदाच.

टप्पा २: महिना आणि वार

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट, एवढाच काळ मी सुचवेन.

हे पाणी ज्वालामुखीने तापत नाही. पावसाचं पाणी आपल्या कोकणातल्या काळ्या कातळाच्या भेगांमधून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. पालघरपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंत असे झरे एका पट्ट्यात सापडतात. म्हणून बाहेर थंडी असो वा ऊन, झऱ्याचं पाणी गरमच येतं. बदलते ती बाहेरची हवा. मे महिन्यात बाहेर ३८ अंश आणि कुंडातही तापलेलं पाणी, मग शरीराने थंड व्हायचं कुठे?

पावसाळ्यात वेगळा धोका असतो. तानसा धरण वरच्या अंगाला आहे. ते भरून वाहू लागलं की खालची नदी फुगते, काठाजवळची कुंडं पाण्याखाली जातात आणि गाळ भरतो. पावसाळ्यात नदी-धबधब्यांच्या जागी जिल्हा प्रशासन अनेकदा मनाई आदेश काढतं. ते फक्त दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांसाठी असतात असं समजू नका.

वार निवडताना मंगळवार, शुक्रवार (देवी), सोमवार (महादेव), गुरुवार (समाधी मंदिर) आणि रविवार हे गर्दीचे दिवस लक्षात ठेवा. उरला बुधवार, आणि थोडाफार शनिवार. बुधवारची एक रजा टाका, दिवस सार्थकी लागेल. नवरात्र, महाशिवरात्र, गुरुपौर्णिमा आणि चैत्रातली देवीची जत्रा या दिवसांत दर्शनाला जरूर जा, पण कुंडाचा बेत त्यात घालू नका.

टप्पा ३: कुणी उतरायचं, कुणी काठावर बसायचं

हा निर्णय घरी करा. कुंडाच्या काठावर पोचल्यावर कुणीच 'नको' म्हणत नाही.

गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब खाली येतो आणि हृदय वेगाने धडधडू लागतं. निरोगी माणसाला हेच सुखाचं वाटतं. पण हृदयविकार असलेल्यांनी, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्यांनी आणि ज्यांचं बीपी आटोक्यात नाही त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारावं, कारण गोळीने आणि पाण्याने मिळून दाब जास्तच उतरू शकतो.

मधुमेहाबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. बरीच वर्षं साखर असलेल्यांच्या पावलांची जाणीव कमी झालेली असते. पाणी चटका देतंय हे त्यांना कळतच नाही आणि घरी आल्यावर तळपायाला फोड दिसतात. इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये उष्णतेमुळे ते रक्तात लवकर उतरतं आणि साखर अचानक कमी होऊ शकते. त्यांना एकट्याने सोडू नका, आणि साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची बिस्किटं हाताशी ठेवा, गाडीच्या डिकीत नको.

गरोदर बायकांनी उतरू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना कुंडात घेऊ नका. त्यांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि ती सांगत नाहीत, नुसती रडतात.

अंगावर उघडी जखम, पिकलेलं गळू किंवा ओला इसब असेल तरीही नाही. 'त्या पाण्याने कातडीचे रोग जातात' म्हणून मुद्दाम जखमेचा पाय बुडवणारे लोक मी पाहिलेत. त्याच पाण्यात त्यांच्यानंतर दहा जण उतरतात, आणि त्यांच्या आधीही दहा जण उतरलेले असतात.

तपासा: आदल्या रात्री सगळ्यांचं बीपी घरच्या यंत्रावर मोजा. नेहमीपेक्षा फार वर किंवा खाली दिसलं तर ती व्यक्ती उद्या दर्शनाला येईल, स्नानाला नाही. हे तिला रात्रीच सांगा.

टप्पा ४: पिशवी

प्रत्येकाची पिशवी वेगळी भरा. एकाच मोठ्या बॅगेत सगळ्यांचे कपडे कोंबले की ओल्या अंगाने शोधाशोध करताना थंडी भरते.

- अंघोळीसाठी गडद रंगाचे, सैल सुती कपडे. साडी नेसून उतरू नका. पायऱ्यांवर ती पायात येते आणि भिजल्यावर जड होते. जुना सलवार-कुर्ता उत्तम.
- दोन पंचे किंवा टॉवेल आणि बदलायच्या कपड्यांचा पूर्ण जोड, पुढून चेन असलेला गाऊन असल्यास फारच सोयीचं.
- खाली रबर असलेल्या चपला. शेवाळावर प्लास्टिकची स्लीपर बर्फासारखी सरकते.
- प्रत्येकी एक लिटर साधं पाणी, आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूसरबत.
- स्वयंपाकघरातला किंवा बाळाच्या अंघोळीचा तापमापक असेल तर तो. नसला तरी चालेल, पुढे उपाय दिलाय.
- ओल्या कपड्यांसाठी जाड पिशव्या. आणि सुट्टे पैसे.

दागिने घरी ठेवा. पाण्याला गंधकाचा वास असेल तर चांदीची जोडवी, पैंजण काळे पडतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवशी चष्माच लावावा.

साबण, शाम्पू, उटणं काहीही नेऊ नका. कुंड म्हणजे आपलं न्हाणीघर नव्हे.

टप्पा ५: निघायची वेळ आणि वाट

ठाण्यातून पहाटे पाच वाजता गाडी हललीच पाहिजे. साडेपाच म्हणजे उशीर.

वाट अशी: माजिवड्याहून नाशिक महामार्ग, साकेत पूल, खारेगाव, मानकोली, रांजनोली नाक्यावरून भिवंडी. भिवंडीत नदीनाक्याहून वाडा रस्ता, पुढे शेलार, कवाड आणि मग अंबाडी नाका. अंबाडीला डावीकडे वळलं की वज्रेश्वरी-गणेशपुरीचा रस्ता. नवी मुंबईकरांनी शिळफाटा, मुंब्रा बायपास करून खारेगावला या वाटेला लागावं.

दुसरी वाट घोडबंदर रस्त्याने अहमदाबाद महामार्गावर जाऊन शिरसाड फाट्याहून आत. वसई-विरारकरांना तीच योग्य. ठाणेकरांनी सकाळी तिच्या नादी लागू नये. गायमुखच्या चढावर एक ट्रक बंद पडला की पहाटेचा सगळा बेत तिथेच बसतो.

भिवंडी-वाडा रस्ता खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. कंबरदुखीवाल्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि अंधारात गोदामांच्या ट्रकमागे फार जवळ राहू नका.

एसटीने जायचं तर ठाण्याहून भिवंडी आणि भिवंडी स्थानकातून वज्रेश्वरीची गाडी. या मार्गाने पहाटेचं स्नान साधत नाही, पण बुधवारी नऊपर्यंत पोचलात तरी निभतं. उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवा.

सावधान: निघण्यापूर्वी पोटभर खाऊ नका. पण उपाशीही नको. चहा आणि दोन टोस्ट, किंवा एक केळं. गोळ्या नेहमीच्या वेळी घ्यायच्या की मागेपुढे, हे डॉक्टरांनी सांगितलं तसं.

टप्पा ६: कुंडापाशी पोचल्यावर, उतरण्याआधी

इथे दहा मिनिटं घालवा, घाई करू नका. सगळ्यांत आधी ओळीने सगळी कुंडं बघा. एकाच जागी शेजारी शेजारी असलेल्या कुंडांचं तापमान सारखं नसतं. एकात लोक निवांत बसलेले असतात आणि दुसऱ्यात पाय टेकवत नाही. जिथे झरा थेट फुटतो ते सर्वांत कढत, पुढे वाहत जाईल तसं निवत जातं. सर्वांत कढत कुंड 'खरं' आणि बाकीची 'पातळ' असा एक समज आहे, तो साफ चुकीचा आहे. अंघोळीसाठी ४० अंशांच्या वरचं पाणी नको. पन्नाशीच्या आसपासचं पाणी काही मिनिटांत कातडी भाजतं.

तापमापक नसेल तर आजीची पद्धत वापरा. बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं कोपराने पाहतात तसं कोपर बुडवा आणि सावकाश दहापर्यंत मोजा. दहाच्या आत कोपर काढावंसं वाटलं तर ते कुंड तुमचं नाही. तळहाताने बघू नका. रोज स्वयंपाक करणाऱ्या हातांना चटक्यांची सवय झालेली असते.

मग पाणी वाहतं आहे का ते पाहा. एका बाजूने येतंय आणि दुसरीकडून जातंय असं दिसलं पाहिजे. वर साय, तेलाचा तवंग किंवा फुलं-निर्माल्य साचलेलं असेल तर उतरू नका. तिथल्या माणसाला सरळ विचारा, 'दादा, कुंड कधी धुतलं?' लोक खरं सांगतात.

बायकांसाठी वेगळं कुंड आणि कपडे बदलायची आडोशाची जागा कुठे आहे, ती आधी जाऊन बघून या. सोय पटली नाही तर काही लॉजमध्ये गरम पाण्याच्या खोल्या मिळतात. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: भाडं तासाचं की माणशी, टाकं तुमच्यासमोर रिकामं करून भरणार का, आणि पाणी झऱ्याचं की बंबाचं. आम्ही एकदा न विचारता पैसे दिले आणि आधीच्या मंडळींनी वापरलेल्या पाण्यात बसायची वेळ आली.

फोन पिशवीत. उघड्यावर बायका-मुलं अंघोळ करत असताना व्हिडिओ काढू नये हे सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण सांगावं लागतं.

तपासा: काठावर कोरडी राहणारी एक व्यक्ती ठरली आहे का? तिच्याकडे घड्याळ, पिण्याचं पाणी आणि सर्वांच्या औषधांची यादी हवी. ती नसेल तर कुणीच उतरू नका.

टप्पा ७: स्नान

आधी तांब्याने पायांवर पाणी घ्या, मग गुडघ्यांवर, मग हातांवर. अंगाला कळू द्या. त्यानंतर पायरीवर बसून पावलं बुडवा, दोन मिनिटं. मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. एकेका पायरीला दीड-दोन मिनिटं द्या.

छातीच्या वर पाणी येऊ देऊ नका. ज्येष्ठांनी कमरेपर्यंतच बसावं आणि खांद्यावर तांब्याने पाणी घ्यावं. सुख तेवढंच मिळतं.

पहिल्या वेळी पाच-सात मिनिटं पुरे, सवयीच्यांनी दहा. काठावरच्या व्यक्तीने वेळ झाली की हाक मारायची आणि ती हाक सगळ्यांनी ऐकायची. बाहेर पायरीवर दहा मिनिटं बसा, घोट घोट पाणी प्या. बरं वाटलं तर पुन्हा पाच मिनिटं उतरा. त्यानंतर नाही.

आता डुबकीबद्दल. हे अनेकांना आवडणार नाही, तरी लिहिते. डोकं पाण्याखाली घालू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. गरम गोड्या पाण्यात वाढणारा एक अमिबा नाकातून मेंदूपर्यंत जातो. केरळमध्ये गेल्या काही वर्षांत अमिबामुळे झालेल्या मेंदूज्वराच्या ज्या बातम्या आल्या, त्यात हाही जंतू आहे. हा आजार फार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीव घेतो. पाणी अंगावर पडल्याने तो होत नाही, नाकात गेल्यानेच होतो. तेव्हा डोक्यावर घरून आणलेल्या पाण्याचा एक तांब्या घ्या. देवाला तेवढं चालतं. मुलांचं पाणी उडवणं आणि नाक दाबून बुडायचे खेळ इथे बंद म्हणजे बंद. हेच पाणी प्यायचंही नाही, आणि चूळसुद्धा भरायची नाही.

सावधान: डोकं हलकं होणं, मळमळ, छातीत धडधड, डोळ्यांपुढे काजवे, यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच बाहेर. एकट्याने उठू नये, दोघांनी धरून काठावर आडवं करावं आणि पाय पिशवीवर उंच ठेवावेत. छातीत दुखत असेल, दम लागला असेल किंवा पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन. पाठोपाठ आजूबाजूच्या लोकांना विचारा, जवळचा दवाखाना त्यांना तुमच्यापेक्षा आधी माहीत असतो.

टप्पा ८: बाहेर आल्यानंतरचा अर्धा तास

माझ्या आत्याला चक्कर आली ती कुंडात नाही, देवळाच्या पायऱ्यांवर. छान अंघोळ झाली, लगेच गाडीत बसलो, देवीपाशी उतरून ती भराभर पायऱ्या चढायला लागली आणि मध्यावर कोसळली. कपाळाला चार टाके पडले. चूक माझी होती, मीच 'आरती चुकेल' म्हणून घाई केली. तेव्हापासून हा अर्धा तास मी वेगळा मोजते.

उठताना आधी पायरीवर बसा, मग उभे राहा, कठड्याला धरून. अंग पुसा, कोरडे कपडे घाला, कान झाका. नाजूक कातडी असेल तर साध्या पाण्याने अंग धुऊन घ्या, पण ते कोमट हवं, गारढोण नको. नंतर बसून सरबत प्या. अर्धा तास झाला की नाश्ता, तोही हलका: पोहे, उपमा, इडली.

या वेळात कुणी 'नदीत जरा पोहून येतो' म्हणेल. नाही म्हणा. तापलेलं अंग एकदम गार पाण्यात टाकणं हृदयाला झेपत नाही, आणि तानसेचा तळ वरून दिसतो तसा नाही. मध्येच खोल डोह आहेत.

टप्पा ९: दर्शन

गणेशपुरीत स्नान केलंत तर आधी भीमेश्वर आणि समाधी मंदिर, मग वज्रेश्वरी. गणेशपुरीतल्या आश्रमात कुठल्याही फाटकातून सहज आत जाता येईल असं धरू नका, विचारूनच जा.

वज्रेश्वरीला पायऱ्या सावकाश चढा. चढताना पायरीवर कोरलेलं कासव दिसेल, तिथे लोक वाकून नमस्कार करतात आणि मागची रांग अंगावर येते, तेव्हा ज्येष्ठांना कडेने न्या. गुडघे दुखत असतील तर खालूनच हात जोडले तरी चालतात. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडायला हे देऊळ उभं राहिलं, अशी गोष्ट मुलांना खाली नगारखान्यापाशीच सांगा, वर गर्दीत ऐकू येत नाही.

टप्पा १०: परत येताना आणि नंतर

साडेअकरापर्यंत परतीला लागा. अंघोळीनंतर झोप अनावर येते. जो गाडी चालवणार आहे त्याने कुंडात उतरू नये, किंवा फक्त पाय बुडवावेत. काठावर बसणारी कोरडी व्यक्ती तीच असली तर दोन्ही कामं होतात.

घरी आल्यावर मधुमेह असलेल्यांचे तळपाय उजेडात नीट बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. लाली किंवा फोड दिसला तर हळद-तूप लावून थांबू नका, दाखवून या. ओले कपडे त्याच रात्री वेगळे धुवा.

पुढचे दहा-बारा दिवस एक गोष्ट ध्यानात ठेवा. नाकात पाणी गेलेल्या कुणालाही जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या किंवा मान आखडणं सुरू झालं तर घरी वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या आणि पहिलं वाक्य हे सांगा: 'गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केली होती, नाकात पाणी गेलं होतं.' डॉक्टर हे आपणहून विचारतीलच असं नाही.